भिंतीपलीकडची शेळी

"पुरे. आधी पोराला घे," उम्म हमद म्हणाल्या आणि हातातले कागद त्यांनी गादीवर पालथे टाकले.

निनाद रडत नव्हता, नुसता कुरकुरत होता. चार महिन्यांचं पोर दिवसातून पन्नास वेळा कुरकुरतं, त्याचं काय एवढं. पण या बाईंना ते खपायचं नाही. कादंबरीतला बाप मरणाच्या दारात असो, नाहीतर गलबत वादळात सापडलेलं असो, माझ्या पोराने तोंड वाकडं केलं की वाचन बंद. मी त्याला पाजायला घेईपर्यंत त्या तोंड फिरवून बसायच्या. तो चुटुचुटु प्यायला लागला की मगच म्हणायच्या, "हं, वाच पुढे." इतका कळवळा, पण त्याला कधी मांडीवर घ्यायच्या नाहीत. बोटसुद्धा लावायच्या नाहीत. मला त्याचा थोडा रागच यायचा.

ही गोष्ट सूरची. ओमानच्या किनाऱ्यावरचं, लाकडी गलबतं बांधणारं हे जुनं बंदर. माझ्या नवऱ्याची तिथे कारखान्यात नोकरी होती, आणि मी मुंबईत अरबी घेऊन एम.ए. झालेली. अरबी घेतलं तेव्हा वेंगुर्ल्याला आमच्या घरी सुतक पडल्यासारखं झालं होतं. आई शेजारणींना सांगायची, "संस्कृत जमूक नाय, म्हणान ह्या घेतल्यान." त्या अरबीचं चीज व्हायला सूर गाठावं लागलं. जुवैना बिंत सुहैल या तिथल्या नावाजलेल्या कादंबरीकार, पासष्टी ओलांडलेल्या. थोरल्या मुलाच्या नावावरून सगळं गाव त्यांना उम्म हमद, म्हणजे हमदची आई म्हणायचं. त्याच हिशेबाने मी उम्म निनाद. एका घराच्या तीन पिढ्यांची त्यांची जाडजूड कादंबरी नुकतीच छापून आली होती आणि ती मराठीत करायचं काम मी मागून घेतलं होतं. रोज दुपारी पोराला काखोटीला मारून मी त्यांच्याकडे जायची आणि केलेलं मराठी मोठ्याने वाचायची. त्यांना मराठीचा गंध नव्हता, पण ऐकायला आवडायचं. मध्येच हात वर करून म्हणायच्या, "माझ्या वाक्यात इथे तीन श्वास आहेत. तुझ्यात एकच आला." आणि पंचाईत अशी की त्यांचं बरोबर असायचं.

कादंबरीतलं घर त्यांचंच होतं. नावं बदललेली, पण त्या नावांच्या मागची माणसं गावातलं शेंबडं पोरही ओळखायचं. त्यांनी ते कधी लपवलं नाही. टीव्हीवर त्यांची मुलाखत झाली तेव्हा त्या ताठ बसून म्हणाल्या होत्या, "मी गोष्टी रचत नाही. मी साक्षीदार आहे. यातलं एक अक्षर मनचं नाही." मला अशा बाणेदार माणसांना डिवचायची खोड आहे. मी एकदा म्हटलं, "कादंबरीत या खोलीच्या खिडकीतून समुद्र दिसतो. मला तर शेजाऱ्यांची भिंत दिसते."

"भिंत नंतर आली," त्या म्हणाल्या आणि माझ्या तोंडात खजूर घातला. विषय मिटवायची त्यांची ही रीत. खजूर चघळताना माणूस पुढचा प्रश्न विचारू शकत नाही.

त्या दुपारी आम्ही अकराव्या प्रकरणाशी आलो होतो. सगळ्या पुस्तकातलं सर्वांत हळवं प्रकरण. शेजारीण बाळंतपणानंतर तापाने फणफणलेली आहे, तिला दूध नाही. नायिकेच्या अंगावर स्वतःची तान्ही लेक पिते आहे. ती शेजारणीचं पोर उचलून आणते आणि चांगले दोन आठवडे दोघांनाही पाजते. अनुवाद करताना मला दोनदा पेन खाली ठेवावं लागलं होतं. पण एक शंका होती, ती मी विचारली.

"शेजाऱ्यांच्या अंगणात शेळी ओरडते असं लिहिलंय. ही शेळी कुणाची? आधीच्या प्रकरणांत नाही, नंतर कुठे येत नाही."

"कुठली शेळी?"

मी ओळ वाचून दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचायला लावली.

"चुकून आली असेल," त्या म्हणाल्या. "काढून टाक तुझ्या मराठीतून."

"एक अक्षर मनचं नाही म्हणता, आणि अख्खी शेळी चुकून येते?"

खजूर.

त्या संध्याकाळी आईचा फोन आला. नातवाची चौकशी झाली, माशांचे भाव झाले, आणि बोलायला काही उरलं नाही म्हणून मी तिला त्या शेळीची गंमत सांगितली. कादंबरी वगैरे काही नाही, नुसतं एवढंच की शेजारच्या घरात तान्हं पोर आहे आणि अंगणात एकदम शेळी दिसते, कशासाठी असेल. आई म्हणाली, "गो बाय, तान्ह्या पोराच्या घरात नवी शेळी बांधली म्हणजे त्या पोराच्या आवशीक दूध नाय. ह्येच्यात इचारूचा काय?" मी हो म्हटलं आणि विसरून गेले.

उम्म हमदच्या घरात तेव्हा लग्नाची धामधूम होती. हमदची मुलगी मैसून आजीजवळच वाढलेली. आजीची दृष्टी अधू झाली तशी सगळी कादंबरी तिनेच टाइप केली होती. तिचं लग्न ठरलं होतं याकूबशी, म्हणजे भिंतीपलीकडच्याच मुलाशी. तो शाळेत विज्ञान शिकवायचा, कमी बोलायचा, आणि मैसूनचं नाव निघालं की त्याचे कान लाल व्हायचे. लहानपणापासून एकमेकांना पाहिलेली ही पोरं, दोन्ही घरं खूश, आणि निकाह पुढच्या आठवड्यावर आलेला. मलाही हिरवा पोशाख शिवायला सांगितला होता.

अशातच एका दुपारी मी गेले तर मैसून दाराच्या पायरीवर बसलेली. डोळे सुजलेले.

"लग्न मोडतंय," ती म्हणाली.

दूर दक्षिणेच्या सलालाहून याकूबच्या आत्या, शम्सा, लग्नासाठी आल्या होत्या. दुपारच्या वेळी घरातल्या बायकांना त्या कादंबरी मोठ्याने वाचून दाखवत. होता होता अकरावं प्रकरण आलं आणि अर्ध्यातच शम्साबाईंनी पुस्तक मिटलं.

"का?" मला काही उमगेना.

"उम्म निनाद, आमच्यात ज्या बाईने तान्ह्या पोराला पाच वेळा पोटभर पाजलं, ती त्याची आई होते. दूधआई. तिची मुलं त्याची सख्खी भावंडं. प्रकरणातलं ते पोर म्हणजे याकूब, हे सगळ्या गावाला कळतं. आजीने त्याला पाजलं असेल, तर तो माझ्या बाबांचा भाऊ झाला. मग मी त्याची कोण?"

मी मनात नातं लावून पाहिलं. पुतणी.

"काका-पुतणीचं लग्न लावतात का तुमच्याकडे?" ती म्हणाली. "आणि ते प्रकरण मीच टाइप केलंय. रडत रडत. किती छान लिहिलंय असं वाटून."

"अगं, पण ती कादंबरी आहे."

"आजीने टीव्हीवर काय सांगितलं ते विसरलात?"

याकूबची आई तो दोन वर्षांचा असतानाच गेली होती, मागोमाग आजी-आजोबा. त्याचे वडील त्या काळात अबूधाबीला नोकरीला, आणि हमद शिकायला परगावी. तेव्हा काय झालं ते जिवंत माणसांत एका उम्म हमदना ठाऊक, आणि त्या कालपासून गप्प होत्या. निरोप तेवढा धाडला होता, "या. समोरासमोर बोलू." मी परत फिरायला लागले तर आतून आवाज आला, "उम्म निनाद, तू थांब."

ती माणसं आली. याकूबचे वडील नासिर, उंच, थकलेले. शम्साबाई हातात रुमाल चुरगाळत. मागे याकूब. मैसूनने कहवा, म्हणजे तिथली बिनदुधाची कॉफी, ओतला, पेले पुढे ठेवले. त्या घरांत रीत अशी की पाहुणा काही मागायला आला, तर मागणं मान्य होईपर्यंत कहवा तोंडाला लावत नाही. पेले तसेच राहिले. त्यांतून वाफ निघत होती आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

शम्साबाई म्हणाल्या, "उम्म हमद, मी वाईट चिंतायला आले नाही. या मुलाला मी आईवेगळा बघितलाय. पण माझ्या डोळ्यांदेखत पाप घडलं तर मी वर काय तोंड दाखवू? तुम्ही एवढंच सांगा. पुस्तकात लिहिलंय ते खरं की खोटं?"

"खोटं," उम्म हमद म्हणाल्या. "मी रचलंय ते."

त्यांच्या तोंडून तो शब्द निघताना मी पहिल्यांदा ऐकला. सगळ्या गावासमोर साक्षीदार म्हणवून घेणारी ती बाई, स्वतःच्या घरात, स्वतःच्या गादीवर बसून खोटी ठरत होती. मला वाटलं, सुटला प्रश्न. पण शम्साबाईंनी मान हलवली.

"अल्ला तुम्हाला आयुष्य देवो. नातीसाठी मीही असंच म्हटलं असतं."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. मग नासिर बोलले. "ते प्रकरण वाचून मी रडलो, उम्म हमद. म्हटलं, माझ्या मागे माझं पोर कुणी जगवलं ते मला कुणी सांगितलं नाही. शेजारणीने एवढं केलं आणि कधी चकार शब्द काढला नाही. तुमचे पाय धरायला येणार होतो मी. आणि आता तुम्ही म्हणता, रचलं. मी कशावर विश्वास ठेवू?"

उम्म हमद खिडकीकडे बघत राहिल्या. खिडकीत भिंत होती. मैसून कहव्याची सुरई धरून उभी होती. हे सगळं आता हातातून जाणार, आणि केवळ एक प्रकरण फार चांगलं लिहिलं गेलं म्हणून जाणार, असं वाटून मला भडभडून आलं. मी परकी, त्यातून परधर्माची. मला तिथे तोंड उघडायचं कारण नव्हतं. पण आईचं बोलणं तेवढ्यात डोक्यात लख्ख झालं, आणि तोंड माझ्या आधीच बोलून गेलं.

"मग ती शेळी कशाला होती?"

सगळे माझ्याकडे वळले.

"अकराव्या प्रकरणात तुमच्या अंगणात शेळी ओरडते," मी नासिरना म्हटलं. माझं अरबी तेव्हा पुरतं लटपटलं होतं. "तान्ह्या पोराच्या घरात शेळी आणतात ती पोराला दूध नसलं तर. शेजारीण पोटभर पाजत असेल, तर शेळी आणायची गरज काय?"

नासिर हळू म्हणाले, "होती. शेळी होती. पांढरी, एक कान फाटका. मी सुट्टीवर आलो तेव्हा अंगणात खुंटीला बांधलेली. हा तिच्या मागे रांगायचा. माझी आई तिला सुक्कर म्हणायची. साखर. मला वाटलं, चहाच्या दुधाला घेतली असेल."

उम्म हमदनी माझ्याकडे पाहिलं. हात खजुराच्या ताटलीकडे गेला, एक खजूर उचलला, आणि तो त्यांनी परत ताटलीत ठेवला.

"भिंत वाढवलीत ते वर्ष आठवतं, नासिर?" त्या म्हणाल्या. "माझी धाकटी पोटात होती. उन्हाळा तोंडावर, आणि या खोलीतला वारा बंद झाला. समुद्र गेला. मी इथे उकडून निघत होते. तुमच्या घराशी मी बोलणं टाकलं. मग मी बाळंत झाले, मागून तुझी बायको झाली आणि तापाने पडली. तुझी आई पोर घेऊन माझ्या दारात आली. म्हणाली, जुवैना, दोन घोट. माझ्या अंगावर दोघांना पुरेल एवढं दूध होतं. आणि मी काय म्हटलं ठाऊक आहे? म्हटलं, वारा अडवणाऱ्यांनी दूध मागू नये. आणि दार लावलं."

शम्साबाईंचा रुमाल तोंडावर गेला.

"तो रडायचा," उम्म हमद म्हणाल्या. आता त्या याकूबकडे बघत होत्या. "तुम्ही वारा अडवलात, पण आवाज काही अडला नाही. तो रडला की माझं दूध आपोआप वाहायचं. कपडे भिजायचे. तरी मी उठले नाही. अशी मी. मग एका सकाळी पलीकडे शेळी ओरडली आणि याचं रडणं थांबलं. त्या दिवशी मला जेवढी लाज वाटली तेवढी पुन्हा कधी वाटली नाही."

"आणि पुस्तकात?" मैसूनने विचारलं.

"पुस्तकात त्याला पाजलं. जे केलं नाही ते लिहिलं. निदान कागदावर तरी त्याला उपाशी ठेवायला नको म्हणून. बाकीचं सगळं खरं आहे, पोरी. तेवढंच एक खोटं, आणि लोकांना तेच सगळ्यात आवडलं. शेळी कुठून शिरली ते मलाही कळलं नाही."

निनाद माझ्या मांडीवर झोपला होता.

शम्साबाई अखेर म्हणाल्या, "माझी शंका फिटली. स्वतःच्या तोंडाला काळं फासून कुणी खोटं बोलत नाही." पण त्या नासिरकडे बघत होत्या, आणि मीही. धर्माची अडचण सुटली होती, माणसांची आता सुरू होत होती. ज्या घराने तान्ह्या पोराला दारातून परत धाडलं, त्या घरची मुलगी हे लोक आता करतील का?

नासिर उठले. खिडकीशी जाऊन उभे राहिले. "भिंत माझ्या बापाने वाढवली," ते म्हणाले. "का, ते मी कधी विचारलं नाही. मी इथे येऊन उभा राहिलो असतो तर दिसलं असतं." एवढंच बोलले. आणि लेकाकडे वळून म्हणाले, "तू सांग, याकूब. रडणारा तू होतास."

याकूबचे कान लाल झाले. त्याने एकदा मैसूनकडे पाहिलं, मग त्या वृद्ध बाईकडे.

"खाला," तो म्हणाला, "तेव्हा दोन घोट दिले असते, तर आज मैसून देता आली नसती. माझं काही नुकसान झालेलं नाही."

आणि त्याने समोरचा पेला उचलला आणि एका दमात रिकामा केला.

त्याच्यामागून नासिरनी पेला उचलला. शम्साबाईंनी घोट घेऊन तोंड वाकडं केलं. "थंडगार झालाय," त्या म्हणाल्या. "दुसरा कर गं, सूनबाई." मैसून आत पळाली आणि आत जाऊन ती जे रडली ते बाहेरपर्यंत ऐकू आलं. उम्म हमदनी तोंडावर ओढणी घेतली. त्यांची पाठ हलत होती, आणि शम्साबाई त्यांच्याजवळ सरकून नुसता हात फिरवत बसल्या.

पाहुणे गेल्यावर निनाद जागा झाला आणि त्याने भोकाड पसरलं. मी त्याला घ्यायला वाकले, तर उम्म हमदनी दोन्ही हात पुढे केले. "दे इकडे." त्यांनी त्याला खांद्यावर घेतलं, थोपटलं, त्याच्या डोक्याचा वास घेतला. पोरगं बघता बघता शांत झालं. मग त्याला माझ्याकडे देत म्हणाल्या, "आता पाज."

मी पदराआड पोर घेऊन विचारलं, "शेळीचं काय करू? काढू की ठेवू?"

"ठेव. आणि तिचं नाव घाल. सुक्कर."

"आणि बाकीचं प्रकरण?"

"तसंच असू दे," त्या म्हणाल्या. "कागदावर का होईना, पोराला पोटभर मिळालंय. ते कशाला काढून घेतेस?"

लग्नाच्या आदल्या दिवशी नासिरनी गवंडी बोलावून भिंत पुरुषभर उतरवली. हिरवा पोशाख घालून मी त्या खोलीत गेले तेव्हा पडदे फडफडत होते आणि खिडकीतून समुद्र दिसत होता, पुस्तकात लिहिलाय तसा. उम्म हमद खिडकीशी बसल्या होत्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी माझ्या तोंडात खजूर घातला.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. निनाद कॉलेजात जातो, मैसूनला दोन मुलं आहेत. मराठी पुस्तक यथावकाश निघालं. पहिली प्रत घेऊन मी वेंगुर्ल्याला गेले. आईला यातलं काहीच सांगितलं नव्हतं, फोनवरचं बोलणं तीही विसरून गेली होती. तिने चष्मा लावून, रोज दुपारी थोडं थोडं, बोट फिरवत पुस्तक वाचलं. एके दिवशी मी मागच्या दारी मासे निवडत होते, तर ती पुस्तक हातात घेऊन आली. अकराव्या प्रकरणात बोट घातलेलं.

"ह्या शेळयेचा नाव बरा आसा," ती म्हणाली.

मी मान डोलावली.

तिने पुस्तक पुन्हा उघडलं, दोन ओळी वाचल्या आणि मिटलं. "पाजूक नाय गो ह्या बायेन," आई म्हणाली. "म्हणानच एवढा बरा लिवल्यान."